पुस्तक वाचून चित्रपट पाहायचा आणि त्यावर बोलायचं, ते कसं?

कादंबरीवरचा चित्रपट पाहून बाहेर पडताना दोनच मतं कानावर येतात: ‘पुस्तकाची सर नाही’ आणि ‘मस्त केलाय’. दोन्ही मनापासून दिलेली असतात, पण दोन्हींच्या पुढे बोलणं सरकत नाही. कुठल्या पानाची सर कुठल्या प्रसंगाला आली नाही, हे सांगितलं की समोरचा म्हणतो, ‘थांबा, मला तिथं उलट वाटलं.’ मग गप्पा खऱ्या सुरू होतात. खालची सगळी पद्धत तेवढ्यासाठी आहे. ती बडोद्यातल्या मराठी घरांत जमणाऱ्या आठ-दहा जणांच्या गटासाठी लिहिली आहे: महिन्या-दीड महिन्यात एक पुस्तक, एक चित्रपट, एक संध्याकाळ. एकट्यानेही करता येते, फक्त पुढे दिलेला पान-प्रसंग तक्ता मात्र सोडू नका.

काय निवडायचं

पहिल्याच वेळी ‘छावा’सारखी जाडजूड कादंबरी घेतली की गट तिथेच मोडतो. हिशेब सोपा आहे. सवयीचा वाचक मराठी कादंबरीची तासाला पंचवीस-तीस पानं वाचतो. तीनशे पानं म्हणजे दहा-बारा तास, रोज अर्धा तास दिला तर तीन आठवडे. पण बडोद्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. गुजराती माध्यमातून शिकलेली मुलं आणि सुना मराठी छान बोलतात, पण देवनागरी मजकूर सलग वाचताना अडखळतात. त्यांना तासाला बारा-पंधरा पानं धरा आणि पुस्तक पोचवण्यापासून बैठकीपर्यंत किमान सहा आठवडे ठेवा. गटात असे दोघं-तिघं असले तर आठवड्यातून एकदा कुणीतरी वीस पानं मोठ्याने वाचावीत. फोनवरून वाचली तरी चालतात.

सुरुवातीला लहान पुस्तक घ्या. बाबासाहेब पुरंदरे यांची ‘फुलवंती’ छोटेखानी आहे, चित्रपट २०२४चा. लहान पुस्तकाचा दुसरा फायदा असा की काय जोडलं ते चटकन दिसतं. मोठ्या कादंबरीचा चित्रपट करताना कापाकापी करावी लागते, छोट्या कथेचा करताना भर घालावी लागते, आणि भर घालणं जास्त अवघड. शास्त्री आणि नर्तिका यांच्यातली पैज पुस्तकात थोडक्यात उभी राहते. पडद्यावर त्या पैजेपर्यंत पोचायला माणसं, दरबार, गाणी, वाड्यातलं राजकारण लागतं. त्यातलं काय पैजेला धार देतं आणि काय नुसतं वेळ भरतं, एवढं पाहिलं तरी पहिली बैठक भरपूर होते.

तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘श्यामची आई’ घ्या, आणि गट जमला की ‘छावा’.

पुस्तकाच्या प्रतींचं गणित: आठ जणांना तीन प्रती पुरतात, पण दोन पुरत नाहीत. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० सालापासून आहे. सयाजीरावांनी उभं केलेलं हे ग्रंथालय मराठी वाचकासाठी अजूनही पहिलं ठिकाण आहे. एक प्रत तिथून, एक कुणाच्या तरी घरच्या कपाटातून आणि एक विकत. तिन्ही प्रतींची आवृत्ती एकच असेल असं धरून चालू नका. पृष्ठक्रमांक जुळत नाहीत आणि मग ‘पान ११४’ म्हटलं की प्रत्येकजण वेगळं काहीतरी उघडून बसतो. म्हणून पानाबरोबर प्रकरणाचं नाव लिहायची सवय लावा. मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्याही बाजारात असतात. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ शब्द बारीक छापलेला असतो, तो आधी शोधा.

‘आधारित’ की ‘प्रेरित’

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मूळ पुस्तकाचा उल्लेख कसा केला आहे, ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. ‘कादंबरीवर आधारित’ म्हटलं असेल तर कथानकाची जबाबदारी चित्रपटाने घेतलेली असते. ‘प्रेरित’ म्हटलं असेल तर त्याने फक्त ठिणगी घेतलेली असते आणि बाकीचं घर आपलं बांधलेलं असतं. दोघांना एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे.

‘तुंबाड’ हे याचं नेमकं उदाहरण. २०१८चा हा चित्रपट नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून प्रेरित आहे, नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं. चित्रपट आवडला म्हणून ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड आणून भीतीची वाट पाहणारे वाचक शंभर पानांत थकतात. कादंबरी उत्तम आहे, पण ती वेगळ्याच गोष्टीची आहे. तुलना करायची असेल तर धारपांच्या कथेशी करा.

‘सिंहासन’ (१९७९) उलट टोकाचं. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. एकच कादंबरी वाचून तुलनेला बसलात तर अर्धे प्रसंग चित्रपटाने ‘जोडले’ असं वाटेल, जेव्हा ते दुसऱ्या पुस्तकात होते. म्हणून आधी श्रेयनामावली, मग पुस्तक.

आधी पुस्तक की आधी चित्रपट

कादंबरी असेल तर आधी पुस्तक, आणि शेवटचं पान ते चित्रपट यांत किमान आठवडा. कारण सरळ आहे. एकदा अमृता खानविलकरला चंद्रमुखी म्हणून पाहिलं की विश्वास पाटलांच्या कादंबरीतली चंद्रमुखी तुमच्या मनात दुसरा चेहरा घेऊन उभी राहत नाही. पुस्तक वाचताना बनलेला चेहरा ही तुमची स्वतःची कमाई असते, ती आधी कमवा. आठवड्याचं अंतर याच्यासाठी की पान ताजं असताना चित्रपट पाहिला तर तुम्ही चित्रपट बघतच नाही, उत्तरपत्रिका तपासता.

देवनागरी हळू वाचणाऱ्यांसाठी वेगळी वाट चालते: पहिली पन्नास पानं, मग चित्रपट, मग उरलेलं पुस्तक. कथानक माहीत असल्यामुळे वाचनाचा वेग वाढतो आणि पुस्तक पूर्ण होतं. पन्नास पानांत मुख्य माणसांचे चेहरे मनात उमटलेले असतात, तेवढे पुरतात.

चित्रपटाला जाण्याआधी प्रत्येकाने एका कागदावर तीन गोष्टी लिहून तो घडी घालून ठेवायचा: मुख्य व्यक्ती मला कशी दिसते, पुस्तकातली एक जागा कशी दिसते (घर, माजघर, तळ, बोर्डिंग, काहीही), आणि कुठल्या प्रसंगाची मी वाट पाहतोय. हे कागद बैठकीच्या दिवशीच उघडायचे. चित्रपट पाहिल्यावर ‘मला असंच वाटलं होतं’ म्हणणं फार सोपं असतं. घडी घातलेला कागद खरं काय ते सांगतो.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ‘मी शाळेत वाचलंय’ या वाक्याने. ‘श्यामची आई’ वाचली म्हणणाऱ्या पुष्कळांनी पाठ्यपुस्तकातला एखादा धडा वाचलेला असतो आणि बाकीचं १९५३च्या अत्रे यांच्या चित्रपटातून आठवत असतं. त्या चित्रपटातल्या वनमालाबाईंचा चेहरा पुस्तकातल्या आईला इतका चिकटलाय की २०२३चा सुजय डहाके यांचा चित्रपट पाहताना तुलना पुस्तकाशी होतच नाही, जुन्या चित्रपटाशी होते. तशी तुलना करायलाही हरकत नाही, पण आपण कशाशी तुलना करतोय हे माहीत हवं. पुस्तक पुन्हा वाचल्याशिवाय बैठकीला यायचं नाही, हा नियम काका-काकूंनाही लागू करा. तेच सगळ्यात जास्त मोडतात.

थिएटरमध्ये

बडोद्यात मराठी चित्रपट लागतो, पण थोड्या पडद्यांवर आणि बरेचदा अडनिड्या वेळेला. दुसऱ्या आठवड्यात मिळेल म्हणून थांबू नका. प्रदर्शनाची तारीख कळली की त्याच्या दहा दिवस आधी पुस्तक संपलेलं असावं आणि पहिल्या शनिवार-रविवारची तिकिटं आधीच काढलेली असावीत. दिनदर्शिकाही बघा. ‘फुलवंती’ ११ ऑक्टोबर २०२४ला आला, म्हणजे ऐन नवरात्रात. बडोद्यात त्या नऊ रात्री संध्याकाळच्या खेळाला गट जमणं अशक्य, दुपारचाच खेळ धरावा लागतो. ‘संगीत मानापमान’ १० जानेवारी २०२५ला आला, उत्तरायणाच्या तोंडावर, जेव्हा अख्खं गाव गच्चीवर असतं. गणेशोत्सवाचे दहा दिवसही सोडा. बैठकांसाठी सगळ्यात चांगला काळ जून ते ऑगस्ट.

अंधारात फोन काढून टिपणं घेऊ नका. मागच्याला त्रास होतो आणि तुमचाही प्रसंग निसटतो. खिशात छोटी वही ठेवा. मध्यंतरात पाच आणि संपल्यावर पाच ओळी पुरतात. मध्यंतर नेमका कुठल्या प्रसंगावर झाला, ते मात्र नक्की लिहा. आपल्याकडच्या पटकथेत ती सगळ्यात विचारपूर्वक निवडलेली जागा असते: तिथे प्रेक्षकाला प्रश्न देऊन चहाला पाठवायचं असतं. कादंबरीत अशी जागा नसते, त्यामुळे पटकथाकाराने कुठल्या प्रश्नाला गोष्टीचा कणा मानलं, हे मध्यंतरच सांगतं.

चित्रपट घरी बघता येऊ लागला की दुसऱ्यांदा बघा, या वेळी मिनिटं लिहीत. उपशीर्षकं बंद ठेवा. डोळा खालच्या ओळीवर गेला की चेहरा सुटतो. ज्यांना मराठी संवाद जड जातात त्यांनी पहिल्यांदा उपशीर्षकांसह आणि निवडलेले चार प्रसंग तरी त्यांच्याशिवाय पाहावेत.

पान-प्रसंग तक्ता

वहीचं पान आडवं धरा आणि पाच रकाने आखा: प्रकरण व पान, पुस्तकात काय घडतं, चित्रपटातलं मिनिट, पडद्यावर काय घडतं, काय केलं. शेवटच्या रकान्यात एकच शब्द: गाळलं, जोडलं, जुळवलं (दोन माणसं किंवा दोन प्रसंग एक केले), हलवलं (क्रम बदलला), किंवा दाखवलं (पुस्तकाने सांगितलेलं चित्रातून आणलं). बारा ओळी भरा. तीस भरायला गेलात तर यादी होते, मत होत नाही. बारा निवडतानाच तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते ठरत जातं.

‘छावा’ची पहिली ओळ भरून पाहू. शिवाजी सावंतांची कादंबरी (१९७९) शंभूराजांच्या बालपणापासून चालते. वडील समोर असतानाचं आणि नसतानाचं वाढणं तिच्यात पानंच्या पानं येतं. लक्ष्मण उतेकरांचा चित्रपट (२०२५) शिवरायांच्या निधनानंतर सुरू होतो आणि लगेच बुऱ्हाणपूरच्या स्वारीत शिरतो. शेवटच्या रकान्यात ‘गाळलं’ लिहून थांबू नका. त्याखाली दोन वाक्यं लिहा: यातून काय मिळालं, आणि काय मोजावं लागलं. मिळालं ते उघड आहे: सुमारे पावणेतीन तासांच्या चित्रपटाला पहिल्या मिनिटापासून वेग. मोजलेली किंमत उशिरा कळते. दरबारातलं कारस्थान येतं तेव्हा सोयराबाई आणि शंभूराजे यांच्यामागचं घर प्रेक्षकाने पाहिलेलंच नसतं. फितुरी कळते, पण तिची जखम कळत नाही. बापाविषयीची ओढ आठवणींतून आणली आहे. ती हळवी आहे, पण आठवण ही नात्याची पावती असते, नातं नव्हे.

आता याच चित्रपटातली भाषेची ओळ, जिच्यावर सरसकट बोललं जातं आणि जिथे नीट पाहायला हवं. मराठी छत्रपती हिंदीत बोलतात याची खंत मराठी प्रेक्षकाला वाटणारच. येसूबाईंबरोबरच्या घरातल्या प्रसंगांत ती खरीही आहे. कादंबरीत नवरा-बायकोंमधला ‘आम्ही-तुम्ही’चा अदबशीर जिव्हाळा जी कामगिरी करतो, ती हिंदी संवादांना जमत नाही. पण संगमेश्वराच्या कैदेनंतर साखळदंडांत शंभूराजे आणि कवी कलश यांच्यात काव्यातून होणारी देवाणघेवाण बघा. कलश उत्तरेकडचा कवी. शंभूराजांच्या नावावर संस्कृत ‘बुधभूषण’ आहे तसेच ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’, ‘सातसतक’ हे ब्रज भाषेतले ग्रंथही आहेत. या दोघांनी शेवटच्या घटकेला हिंदीच्या अंगाने जाणाऱ्या भाषेत बोलावं, यात काहीच परकं नाही. म्हणजे एकाच चित्रपटात एकच निर्णय एका ठिकाणी तोकडा पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी शोभून दिसतो. तक्ता नसता तर ‘हिंदीत केल्यामुळे मजा गेली’ एवढ्यावरच विषय संपला असता.

ऐतिहासिक कादंबरीच्या बैठकीत भांडण हमखास इतिहासावर जातं. तिथे तक्त्याला सहावा रकाना जोडा: इतिहासाच्या पुस्तकात काय आहे. वा. सी. बेंद्रे यांचं १९६०चं चरित्र किंवा कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ जवळ ठेवा. चित्रपटाला दोष देण्याआधी तो बदल मुळात कादंबरीकाराने केलेला नाही ना, ते पाहा. कादंबरीकाराचं स्वातंत्र्य चित्रपटाच्या नावावर लिहिलं जातं, ही या चर्चांमधली नेहमीची चूक. ‘छावा’चा शेवटचा छळाचा भाग लहान मुलांबरोबर बघू नका, हेही जाता जाता.

‘श्यामची आई’: बेचाळीस रात्रींचं काय करायचं

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्याची प्रकरणं म्हणजे बेचाळीस रात्री. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या मित्रांना रोज एक आठवण सांगतो. प्रत्येक रात्र आपापली पूर्ण. वाचक रोज एक वाचून थांबू शकतो, आणि घरोघर ते तसंच वाचलं गेलं. चित्रपटाला थांबता येत नाही. त्याला दोन-सव्वादोन तासांत या रात्री एका दोऱ्यात ओवाव्या लागतात.

म्हणून चित्रपटाआधी हा प्रयोग करा. बेचाळीस चिठ्ठ्यांवर बेचाळीस रात्रींची नावं लिहा आणि प्रत्येकाला आठच ठेवायला सांगा. आठ रात्री, प्रत्येकी पंधरा मिनिटं, दोन तास. मग विचारा: यांचा क्रम काय, आणि पहिलीनंतर दुसरी का? ‘कारण पुस्तकात तशीच आहे’ हे उत्तर चालणार नाही. इथे गटातल्या प्रत्येकाला पटकथाकाराची अडचण पहिल्यांदा हाताला लागते. कुणी घराची ओढाताण आणि कर्ज हा दोरा धरतं, कुणी आईची प्रकृती, कुणी श्यामचं शिकणं. डहाके यांच्या चित्रपटाने मोठेपणीचे साने गुरुजी आणि स्वातंत्र्यलढा यांना बालपणाच्या जोडीला ठेवलं आहे, तेही कृष्णधवल रंगात. आमच्या मते तो दोरा बळकट आहे, कारण मूळ पुस्तकही मोठा झालेला श्यामच सांगतो. फक्त एका रात्रीतून दुसरीत जाताना पुस्तकात जी झोपेची, दिवसाची मोकळीक असते, ती पडद्यावर मिळत नाही आणि हुंदका पुन्हा पुन्हा लागोपाठ येतो. १९५३च्या चित्रपटाशी तुलना करताना याच जागा बघा: त्यात दोन हुंदक्यांच्या मध्ये काय ठेवलं आहे.

दुसरा प्रयोग एकाच रात्रीवर. ‘अळणी भाजी’ घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, आणि चूक आईला स्वतः जेवायला बसल्यावर कळते. पुस्तकात त्यावर श्याम बोलतो, अर्थ उलगडून सांगतो. आता ही गोष्ट निवेदनाशिवाय दहा दृश्यांत लिहून काढायची. लगेच प्रश्न उभे राहतात. प्रेक्षकाला मीठ राहिल्याचं कधी कळू द्यायचं: आईचा हात मिठाच्या भांड्याकडे जाऊन हाकेमुळे परततो तेव्हाच, की वडिलांच्या पहिल्या घासाला? आधी कळलं तर वडिलांचं शांत जेवण आपण श्वास रोखून बघतो. नंतर कळलं तर आईबरोबर आपल्यालाही धक्का बसतो. वडिलांनी भाजी पुन्हा मागायची का? मुलांच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ? चार जणांनी चार प्रकारे लिहिलं की एकही शब्द न बदलता गोष्ट किती बदलते ते दिसतं. बारा-तेरा वर्षांची मुलं हा प्रयोग मोठ्यांपेक्षा चांगला करतात, त्यांना आवर्जून बसवा.

नाटकावरून आलेले चित्रपट

नाटकासाठी तक्ता थोडा वेगळा. रंगमंचावर जे घडत नाही, नुसतं बोलून सांगितलं जातं (लढाई, प्रवास, कुणाचा मृत्यू), त्याची आधी यादी करा. चित्रपट हमखास तिकडे धावतो, कारण त्याला ते दाखवता येतं. प्रश्न एवढाच विचारा की दाखवल्यामुळे ते मोठं झालं की ऐकतानाच मोठं होतं.

स्वगत ही दुसरी जागा. ‘नटसम्राट’ नाटक (१९७०) गणपतराव बेलवलकरांच्या स्वगतांवर उभं आहे. रंगमंचावर नट हजार माणसांशी बोलतो, म्हणून एकट्याने मोठ्याने बोलणं खटकत नाही. कॅमेरा दोन फुटांवर आला की तेच बोलणं ऐकायला कुणीतरी हवं होतं. २०१६च्या चित्रपटात विक्रम गोखले यांनी केलेला रामभाऊ नाटकात नाही. तो जोडला, आणि बेलवलकरांना तोडीस तोड श्रोता मिळाला. त्या दोघांचे प्रसंग चित्रपटातले सगळ्यात जिवंत प्रसंग आहेत. ‘जोडलं’ म्हणजे बिघडवलं, असं समजणाऱ्यांना हीच ओळ दाखवा.

संगीत नाटकाला पदांची यादी लागते. ‘संगीत मानापमान’ खाडिलकरांनी लिहिलं १९११मध्ये, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पद ठेवलं, चाल बदलली, पदाच्या जागी नवं गाणं आलं की काहीच नाही, अशा खुणा करत जा. नाट्यपदाला ‘वन्स मोअर’ मिळायचा, गोष्ट थांबायची आणि कुणाची तक्रार नसायची. चित्रपटातलं गाणं थांबलेल्या गोष्टीचा आरोप घेऊनच सुरू होतं. जुन्या चालींवर वाढलेल्या आजोबांना नवं संगीत रुचलं नाही तर त्यांना एकच विचारा: गाण्यानंतर नायिका भामिनी आधीपेक्षा वेगळी झाली का?

शेजारच्या गुजरातीतलं एक

वर्षातून एकदा गुजराती शेजाऱ्यांना बोलवा आणि ‘रेवा’ (२०१८) ठेवा. ध्रुव भट्ट यांच्या ‘तत्त्वमसि’वरचा हा गुजराती चित्रपट आहे. इथे आपली मुलं पुढे असतात आणि मोठी माणसं लिपीपाशी अडतात, ही अदलाबदल गटाला फार चांगली मानवते. पाहायची एकच गोष्ट: नायक नर्मदाकाठी का येतो. कादंबरीत तो प्राध्यापकाने सोपवलेल्या कामासाठी येतो, चित्रपटात आजोबांच्या संपत्तीचा प्रश्न घेऊन. कादंबरीला पुष्कळ पानं मिळतात, ती हळूहळू माणूस बदलू शकते. चित्रपटाला पहिल्या पंधरा मिनिटांत काहीतरी पणाला लावावं लागतं. चर्चेनंतरच्या रविवारी चाणोदला जाऊन नर्मदा पाहून या, जवळच आहे.

बैठकीची संध्याकाळ

दोन तास, त्याहून जास्त नाही. पहिली दहा मिनिटं पुस्तकातली दोन पानं मोठ्याने वाचायची. न वाचून आलेल्यांच्याही कानावर भाषा पडते आणि बोलणं कथानकावरून शब्दांवर येतं. मग घडी घातलेले कागद उघडायचे. त्यानंतर वयाने सगळ्यात लहान असेल त्याने पहिलं बोलायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं. उलट्या क्रमाने गेलात तर काकांचं मत झालं की बाकीचे मान डोलावतात. पहिल्या फेरीत नटांबद्दल बोलायचं नाही. अभिनयावर बोलणं सोपं असतं म्हणून सगळे तिथेच रमतात आणि पटकथा, संकलन, छायालेखन यांच्याकडे कुणी वळत नाही. दुसऱ्या फेरीत ते मोकळेपणाने येऊ द्या.

प्रसंग पुन्हा दाखवायचा असेल तर दोन-तीन मिनिटांचा एकच. प्रोजेक्टर असेल तर वेगळा स्पीकर हवाच. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर संवाद ऐकू येत नाहीत आणि सगळे पुढे सरकतात. सांधणारी वायर आणि आवाज अर्धा तास आधी तपासा. घरापुरतं घेतलेलं ओटीटीचं वर्गणीखातं सभागृहातल्या जाहीर खेळासाठी चालत नाही. मंडळाच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये पूर्ण चित्रपट दाखवायचा असेल तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते.

सेव-उसळ बैठकीनंतर. आधी दिली तर तर्रीचे डाग ग्रंथालयाच्या पानांवर जातात आणि ते निघत नाहीत.

मत कागदावर

तीनशे शब्द पुरे. पहिल्याच वाक्यात एक ठाम विधान: ‘चित्रपटाने बालपण गाळल्यामुळे फितुरीची जखम कमी झाली’ यासारखं, ज्याला कुणी ‘नाही’ म्हणू शकेल. मग तक्त्यातल्या दोन जागा, प्रकरण आणि मिनिट यांसह. त्यानंतर तुमच्या विधानाच्या विरुद्ध जाणारी एक जागा, प्रामाणिकपणे. ती सापडत नसेल तर चित्रपट पुन्हा बघा, ती असतेच. लिहून झाल्यावर ‘अप्रतिम’, ‘न्याय दिला’, ‘आत्मा हरवला’ हे शब्द खोडा आणि त्या जागी काय दिसलं, काय ऐकू आलं ते लिहा. ‘न्याय दिला’ खोडल्यावर त्या जागी लिहायला काही सुचत नसेल, तर ते वाक्य काढूनच टाका.

पुढच्या महिन्यासाठी बडोद्याचंच काहीतरी हवं असेल तर चिं. वि. जोशी घ्या. ते इथे बडोदा कॉलेजात पाली शिकवत. त्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी १९४० साली ‘लग्न पहावं करून’ केला, आणि चिमणराव-गुंड्याभाऊ पुढे दूरदर्शनवरही आले. पुस्तकं मांडवीला मिळतात. ती परत करण्याआधी मधल्या चिठ्ठ्या आणि पेन्सिलीच्या खुणा काढायला विसरू नका.